वरची ओळ, खालची ओळ आणि मधला हिशोब

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे दात सरळ करण्याच्या उपचारांविषयी आहेत आणि निरनिराळ्या वाटांनी ती एकाच तक्रारीपाशी येऊन थांबतात: दात ओळीत आले, पण वरच्या आणि खालच्या दातांचा मेळ हवा तसा बसला नाही. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांवर ज्या रीतीने बसतात त्याला दवाखान्यात ‘बाइट’ म्हणतात. रुग्णांच्याही तोंडी तोच शब्द रुळलेला असल्याने मीही तोच वापरतो.

प्रश्न : माझे वय २७ आहे. दोन वर्षांपासून ब्रेसेस आहेत आणि आता सगळे दात ओळीत आले आहेत. मात्र वर दोन्ही बाजूंना सुळ्यांच्या अलीकडे बारीक फटी उरल्या आहेत. त्या मिटवा म्हटले की डॉक्टर सांगतात, फटी मिटवल्या तर पुढचे वरचे आणि खालचे दात कडेला कड टेकतील. त्यापेक्षा सुळ्यांशेजारचे दोन छोटे दात कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या लेपाने, रुंद करून घ्या. अहवालात ‘पुढचे प्रमाण ८२ टक्के’ असे लिहिले आहे. दातांची मापेही सोबत पाठवत आहे. माझे उपचार फसले आहेत का?

उत्तर : उपचार फसलेले नाहीत. आपले डॉक्टर जे सांगत आहेत ते बरोबरच आहे. फक्त ते दोन वर्षांपूर्वी, पहिली तार चढवण्याआधी सांगायला हवे होते.

वरच्या दातांची कमान खालच्या कमानीच्या किंचित बाहेरून बसते, जसे डब्याचे झाकण डब्यावर बाहेरून बसते तसे. झाकणाचा घेर डब्यापेक्षा थोडा मोठा असावा लागतो, पण किती मोठा याला मर्यादा आहे. घेर कमी पडला तर झाकण बसतच नाही आणि जास्त झाला तर ते डुगडुगते. तार दाताला हलवू शकते, फिरवू शकते, त्याचा कल बदलू शकते. दाताची रुंदी मात्र ती केसभरही बदलू शकत नाही. त्यामुळे वरच्या सहा पुढच्या दातांच्या रुंदीची बेरीज खालच्या सहा दातांच्या मानाने कमी असेल, तर कितीही कुशल हात असला तरी कुठेतरी तडजोड करावीच लागते: एक तर वर फटी राहतात, नाहीतर खाली दाटी राहते, नाहीतर पुढचे दात एकमेकांवर पुरेसे न चढता कडेला कड येतात. आपल्या तोंडात यांतली पहिली गोष्ट घडली आहे.

हे प्रमाण आकड्यांत मांडण्याचे श्रेय वेन बोल्टन या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाते. १९५८ मध्ये त्यांनी उत्तम बाइट असलेल्या ५५ जणांच्या दातांच्या साच्यांवरची मापे प्रसिद्ध केली. त्यांतील ४४ जणांवर उपचार झालेले होते आणि ११ जणांना उपचारांची गरजच पडली नव्हती. खालच्या सहा पुढच्या दातांच्या, म्हणजे एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतच्या, रुंदीची बेरीज वरच्या सहा दातांच्या बेरजेच्या सरासरी ७७.२ टक्के भरली. दोन्हीकडे पहिल्या दाढेपासून पहिल्या दाढेपर्यंत बारा-बारा दात धरले तर तेच प्रमाण ९१.३ टक्के आले. आपल्या अहवालातले ‘पुढचे प्रमाण’ म्हणजे यांतले पहिले.

आता आपली मापे पाहू. वरचे मधले पटाशीचे दात ८.५ मि.मी., त्यांच्या बाजूचे ५.६ मि.मी. आणि सुळे ७.६ मि.मी.; दोन्ही बाजू मिळून ४३.४ मि.मी. खाली मधले ५.२, बाजूचे ५.८ आणि सुळे ६.८, मिळून ३५.६ मि.मी. भागाकार केला की ८२ टक्के येतात. खालचे ३५.६ मि.मी. आहेत तसे ठेवायचे, तर वर सुमारे ४६.१ मि.मी. हवेत. म्हणजे वर २.७ मि.मी. कमी पडतात. दोषी कोण हेही मापांतच दिसते. वरच्या बाजूच्या पटाशीच्या दाताची नेहमीची रुंदी साडेसहा मि.मी.च्या आसपास असते आणि आपले दोन्ही दात त्याहून जवळजवळ एकेक मि.मी.ने अरुंद आहेत. मला याचे आश्चर्य वाटत नाही. अक्कलदाढा सोडल्या तर आकाराच्या बाबतीत सर्वांत लहरी असलेल्या दातांत याचा नंबर वर लागतो. कधी तो नुसताच बारीक असतो, कधी खुंटीसारखा निमुळता असतो, तर कधी उगवतच नाही.

म्हणून हेच दोन दात रुंद करण्याचा सल्ला योग्य आहे. प्रत्येकी एक मि.मी. वाढवला की वरची बेरीज ४५.४ होते आणि प्रमाण ७८.४ वर येते. उरलेला फरक अर्ध्या-पाऊण मि.मी.चा आहे आणि दीड मि.मी.पेक्षा कमी फरकाची तोंडात सहसा अडचण होत नाही. मात्र एक गोष्ट आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. सध्या सगळी फट दाताच्या मागच्या बाजूला, म्हणजे सुळ्याकडे आहे. सगळे कॉम्पोझिट एकाच बाजूला चढवले तर दात एका अंगाला सुजल्यासारखा दिसतो. तार अजून तोंडात आहे तोवर तो दात जरासा मागे सरकवून पुढच्या बाजूलाही थोडी जागा करता येते; थोडी पुढे, जास्त मागे अशी वाटणी केली की दातात हिरडीपासून नैसर्गिक उतार येतो. हे काम महिन्या-दोन महिन्यांचे आहे. ब्रेसेस निघाल्यावर ते करता येणार नाही.

कॉम्पोझिट कायमचे नसते, हेही आत्ताच सांगून ठेवतो. काही वर्षांत त्याचा रंग उतरतो, कोपरा उडतो, ते पुन्हा घासून चढवावे लागते. पण त्यासाठी मूळ दात फारसा कोरावा लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे आणि आपल्या वयात मी तरी आधी तेच सुचवले असते.

प्रश्न : माझ्या अहवालात पूर्ण प्रमाण ९१ टक्के, म्हणजे जवळजवळ आदर्श आहे, पण पुढचे प्रमाण ८० टक्के आहे. एकाच तोंडात दोन निकाल कसे?

उत्तर : पूर्ण प्रमाणात बारा दातांची बेरीज असते आणि बेरजेत एकाचा दोष दुसरा झाकतो. आपले वरचे पुढचे दात थोडे अरुंद असतील आणि वरच्या उपदाढा किंवा दाढा तितक्याच थोड्या रुंद असतील, तर एकूण बेरीज जुळते. पण हसताना आणि घास तोडताना पुढचेच दात कामाला येतात, त्यामुळे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचावे लागतात. बोल्टन यांच्या नमुन्यात पुढचे प्रमाण ७४.५ पासून ८०.४ पर्यंत आढळले होते, म्हणजे आपला ८० हा आकडा उत्तम बाइट असलेल्या माणसांतही सापडतो. दात कोणत्या कोनात उभे आहेत आणि वरच्या पटाशीच्या दातांच्या कडा किती जाड आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून असते. बोल्टन यांचे माप फक्त रुंदीचे आहे. जाडी त्यात धरलेलीच नाही. कडा जाड असतील तर वरची कमान थोडी पुढे ढकलली जाते आणि कागदावर जुळलेला हिशोब तोंडात बिघडतो. उलट पातळ कडांच्या दातांत कागदावरचा फरक तोंडात जाणवतही नाही.

प्रश्न : चांगला बाइट म्हणजे नेमके काय? आरशात पाहून ओळखता येतो का?

उत्तर : थोडाफार येतो. आरशासमोर बसा, मागचे दात सहजपणे मिटा आणि बोटाने गाल बाजूला ओढून एकाच बाजूला पाहा. वरच्या सुळ्याचे टोक खालच्या सुळ्याच्या आणि त्यामागच्या उपदाढेच्या मधल्या खाचेत उतरलेले दिसले पाहिजे. मागे वरच्या पहिल्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसलेला असावा. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये बाइटचे तीन वर्ग पाडले ते याच दाढांच्या नात्यावरून. समोरून पाहिले तर वरचे पटाशीचे दात खालच्यांवर दोनेक मि.मी. चढलेले दिसावेत आणि पुढेही साधारण तितकेच असावेत.

लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीही ब्रेसेस न लावलेल्या, निसर्गतःच उत्तम असलेल्या १२० जणांचे साचे तपासून १९७२ मध्ये सहा खुणा मांडल्या: दाढांचे नाते, प्रत्येक दाताचा पुढे-मागे असलेला कल, त्याचा आत-बाहेर असलेला कल, एकही दात फिरलेला नसणे, दातांत फटी नसणे आणि खालच्या ओळीची वक्रता जवळजवळ सपाट असणे. आजच्या बहुतेक ब्रेसेसच्या खाचांत जो कोन आधीच कोरलेला असतो त्याचे मूळ या मोजमापांत आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या १२० तोंडांत वरच्या-खालच्या दातांची रुंदी मुळातच जुळलेली होती, नाहीतर फटींशिवाय बाकीच्या खुणा एकत्र आढळल्याच नसत्या. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णात ती जुळलेली असतेच असे नाही आणि म्हणून पुढे काहींनी दातांच्या आकाराचे प्रमाण हीच सातवी खूण मानली. मला ती सातवी नसून पहिली वाटते, कारण उरलेल्या सहा तिच्यावर टेकलेल्या आहेत.

प्रश्न : अलायनरच्या, म्हणजे दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांच्या, उपचारात माझ्या खालच्या दातांच्या मधे ‘घासावे’ लागेल असे सांगितले आहे. एकदा गेलेले एनॅमल (दाताचे वरचे कठीण कवच) परत येत नाही, मग दात किडणार नाहीत का? आणि घासणे दुखते का?

उत्तर : एनॅमल परत येत नाही हे खरे आहे आणि म्हणूनच घासायचे किती, कुठे आणि कुणाच्या तोंडात, हे तीनही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

आधी प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. दोन दातांच्या मधून हिऱ्याची बारीक पूड बसवलेली कागदासारखी पातळ धातूची पट्टी पुढे-मागे ओढली जाते. एनॅमलमध्ये मज्जातंतू नसतात, त्यामुळे इंजेक्शनची गरज पडत नाही. दुखण्यापेक्षा कवटीत घुमणारा खरखर आवाजच अधिक नकोसा वाटतो आणि पट्टी हिरडीला लागली तर थोडे झोंबते. घासून झाल्यावर दोन दातांच्या फटीत ठरावीक जाडीचे गेज घालून नेमके किती गेले ते पाहायचे असते. मग खडबडीत झालेली बाजू आणखी बारीक पट्ट्यांनी गुळगुळीत करून वर फ्लोराइड लावायचे. यांतले गुळगुळीत करणे टाळले तर मात्र आपली भीती खरी ठरू शकते, कारण खरखरीत कडेवर घाण धरून राहते.

किती, याचे उत्तर असे की दाताच्या त्या बाजूवरच्या एनॅमलच्या अर्ध्याहून अधिक जाडी कधीही घ्यायची नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या बाजूंना हे कवच पातळ असते, म्हणून तिथे एका बाजूला पाव मि.मी., म्हणजे दोन दातांच्या एका सांध्यात अर्धा मि.मी. ही मर्यादा पाळतात. उपदाढा आणि दाढांच्या बाजूंना ते एक मि.मी.हून जाड असते, तिथे थोडे अधिक घेता येते. १९८५ मध्ये जॉन शेरिडन यांनी पुढच्या दातांऐवजी मागच्या दातांतून जागा काढण्याची पद्धत मांडली ती याच कारणाने. किडण्याच्या प्रश्नावर नॉर्वेतील ब्योर्न झाक्रिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी बोलकी आहे. खालचे पुढचे दात घासून दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांत त्यांना त्यामुळे कीड किंवा हिरड्यांचे आजार वाढलेले आढळले नाहीत. अर्थात ते घासणे काळजीपूर्वक केलेले होते.

कुणाच्या तोंडात, हे दाताच्या आकारावर ठरते. ज्यांचे दात हिरडीकडे निमुळते आणि टोकाकडे रुंद असतात, त्यांना घासण्याचा दुहेरी फायदा होतो: जागा मिळते आणि दोन दातांच्या मधे हिरडीपाशी दिसणारा काळा त्रिकोणही लहान होतो. ज्यांचे दात आधीच लहान आणि सरळ कडांचे आहेत, किंवा ज्यांच्या तोंडात सध्या कीड चालू आहे, त्यांचे दात मी घासणार नाही.

एक खबरदारी आपणही घ्यावी. अलायनरच्या आराखड्यात कोणत्या सांध्यात किती घासायचे याचा आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्याप्रमाणेच जागा झाली आहे असे गृहीत धरून पुढचे सगळे अलायनर बनलेले असतात आणि प्रत्यक्षात कमी घासले गेले तर दात अडकून अलायनर नीट बसेनासा होतो. तेव्हा घासून झाल्यावर “गेजने किती भरले?” असे विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. खालच्या पुढच्या दातांत तीन मि.मी.ची दाटी आहे. बाकी दाढा आणि सुळे जुळलेले आहेत. एका डॉक्टरांनी खालचा एक पटाशीचा दात काढायला सांगितला आहे, दुसरे नको म्हणतात. अहवालात वरच्या सहा दातांची बेरीज ४६ आणि खालच्या सहांची ३८.४ मि.मी. आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : दोघेही एकाच आकड्याकडे पाहत आहेत. ३८.४ भागिले ४६ म्हणजे ८३.५ टक्के. खालचे दात जास्त रुंद आहेत यात शंका नाही. प्रश्न आहे तो किती जास्त याचा. वरचे ४६ धरले तर खाली ३५.५ पुरेसे होते, म्हणजे जास्तीचे २.९ मि.मी. आहेत. खालच्या पटाशीच्या एका दाताची रुंदी साडेपाच मि.मी.च्या आसपास असते. तो काढला तर २.९ च्या जागी साडेपाच मि.मी. जातील आणि मग खालची ओळच अडीच मि.मी.ने कमी पडेल. फट मिटवताना खालचे दात आत जातील, वरचे दात त्यांच्यावर अधिक चढतील आणि पुढे आल्यासारखे दिसू लागतील. एक अडचण सोडवताना उलट बाजूची अडचण विकत घेतल्यासारखे होईल. शिवाय खाली तीनच पटाशीचे दात राहिले की मधली रेघ कायमची हरवते, कारण वरच्या दोन दातांच्या मधल्या रेघेसमोर मग एक अख्खा दात येतो.

खालचा एक दात काढणे हा वाईट उपाय नाही. जास्तीची रुंदी चार-पाच मि.मी. असेल, किंवा एखादा दात हिरडीतून पार बाहेर फेकला गेला असेल, तर तो मीही सुचवतो. आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र खालच्या सहा दातांच्या बारा बाजूंतून थोडे थोडे घेऊन अडीच ते पावणेतीन मि.मी. मिळू शकतात आणि दाटीही तेवढीच आहे. त्यामुळे कागदावर तरी दुसऱ्या डॉक्टरांची बाजू मला जड दिसते.

कागदावर, असे मुद्दाम म्हटले. निर्णय घेण्यापूर्वी ‘सेटअप’ करून दाखवण्याची विनंती करा. पूर्वी यासाठी प्लास्टरच्या साच्यावरचे दात करवतीने एकेक सुटे करून मेणात पुन्हा बसवत असत. मी शिकत असताना एक अख्खी दुपार या कामात जायची आणि संध्याकाळी नखांतले मेण निघता निघत नसे. पण काढायचा दात खरोखर बाजूला ठेवून उरलेले बसवले की बाइट कसा होईल ते डोळ्यांना दिसायचे. आता हेच काम स्कॅनवरून संगणकात काही मिनिटांत होते. दोन सेटअप मागा, एक दात काढून आणि एक न काढता. दात काढला की तो परत लावता येत नाही, त्यामुळे एवढी खातरी करून घेणे हा पालक म्हणून आपला हक्क आहे.

प्रश्न : फोनवरील एका ॲपने माझ्या हसऱ्या फोटोवरून दात ‘सुवर्ण प्रमाणात’ नाहीत असे सांगितले. बाजूचे दात बारीक करून घ्यावेत का?

उत्तर : कृपा करून घेऊ नका. सुवर्ण प्रमाण म्हणजे १ : १.६१८. ते दातांना लावणारे असे मानतात की समोरून पाहताना मधला पटाशीचा दात बाजूच्या दाताच्या १.६ पट रुंद दिसावा. येथे ‘दिसावा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कमान वळलेली असल्यामुळे बाजूचा दात समोरून आहे त्यापेक्षा अरुंद दिसतो आणि सुळा तर अर्धाच दिसतो. ॲप त्या दिसण्याचे माप घेते आणि बाइट दातांच्या खऱ्या रुंदीवर बसतो. साडेआठ मि.मी.च्या दाताशेजारी बाजूचा दात या प्रमाणात घासायचा म्हटला तर तो सव्वापाच मि.मी.चा होईल, दोन्ही बाजू मिळून वरची कमान अडीच मि.मी.ने आखूड होईल आणि आपण पहिल्या पत्रातल्या ताईंच्या रांगेत जाऊन बसाल. शिवाय निसर्गतः सुंदर हसू असलेल्या बहुतेकांच्या दातांत हे प्रमाण सापडतही नाही.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे पुढचे नवे दात चेहऱ्याच्या मानाने खूपच मोठे दिसतात आणि खालचे वाकडे आले आहेत. आत्ताच उपचार सुरू करावेत का?

उत्तर : दुधाचे पटाशीचे दात आणि त्यांच्या जागी येणारे कायमचे दात यांच्या रुंदीत वर सरासरी ७.६ मि.मी. आणि खाली ६ मि.मी. फरक असतो. ही तूट दुधाच्या दातांमधल्या फटी, कमानीची थोडी वाढ आणि नव्या दातांचा पुढे झुकलेला कल यांतून भरून निघते आणि ती भरेपर्यंत खालचे दात थोडे वाकडे दिसणे नेहमीचेच आहे. दात मात्र जसा उगवतो तेवढ्याच रुंदीचा जन्मभर राहतो. चेहरा अजून वाढायचा आहे, दात वाढून झाले आहेत. म्हणून आठव्या वर्षी मोठे दिसणारे दात चौदाव्या वर्षी बहुधा तसे दिसत नाहीत.

तरीही तपासणी आत्ता करून घ्या. खालच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीवरून अजून न उगवलेले सुळे आणि उपदाढा किती जागा घेतील याचा अंदाज बांधण्याची साधी रीत आहे, ती टनाका आणि जॉन्स्टन यांनी १९७४ मध्ये दिली: त्या चार दातांच्या बेरजेचे अर्धे करा आणि खालच्या एका बाजूसाठी त्यात १०.५ मि.मी., वरच्या एका बाजूसाठी ११ मि.मी. मिळवा. मुलीच्या त्या चार दातांची बेरीज २२ असेल तर खाली प्रत्येक बाजूला सुमारे २१.५ आणि वर २२ मि.मी. लागतील. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे त्या पडताना खाली प्रत्येक बाजूला सरासरी १.७ आणि वर ०.९ मि.मी. जागा मोकळी होते. ती जागा राखून ठेवायची की दाढांना पुढे सरकू द्यायची, एवढाच निर्णय या वयात महत्त्वाचा असतो. म्हणून मुलीच्या दुधाच्या दाढा किडू देऊ नका. किडून त्या लवकर काढाव्या लागल्या तर हीच जागा हातची जाते.

प्रश्न : उपचार संपत आले, तरी वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेघा एक मि.मी.ने चुकतात. डॉक्टर म्हणतात, चालेल. खरेच चालेल का?

उत्तर : चालेल. उजव्या आणि डाव्या बाजूचे जोडीचे दात तंतोतंत सारखे असतात हा आपला समज आहे. बॅलार्ड यांनी १९४४ मध्ये पाचशे जणांचे साचे मोजले तेव्हा दहांपैकी नऊ जणांत डाव्या-उजव्या जोडीत पाव मि.मी. किंवा अधिक फरक सापडला. असे तीन-चार लहान फरक एकाच बाजूला जमले तर दोन्हीकडचे सुळे नीट बसवूनही रेघ हलते. समोर बसलेल्या माणसाला वरची रेघ नाकाच्या सरळीत आहे की नाही एवढेच दिसते. खालची रेघ त्याच्या नजरेला सहसा येत नाही.

प्रश्न : पुढचे दोन दात कॉम्पोझिटने रुंद करायचे ठरले आहे. ते ब्रेसेस काढण्याआधी करावे की नंतर? आणि रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) कधी?

उत्तर : शक्य असेल तर ब्रेसेस तोंडात असतानाच दातांना त्यांची ठरलेली रुंदी तात्पुरती द्यावी, म्हणजे उरलेल्या फटी त्या रुंदीवर मिटवता येतात आणि बाइट बसतो की नाही ते डोळ्यांसमोर दिसते. ब्रेसेस निघाल्यावर हिरड्यांची सूज उतरायला काही आठवडे द्यावेत आणि मग अंतिम आकार द्यावा, कारण सुजलेल्या हिरडीवर बांधलेल्या दाताची कड नंतर उघडी पडते. या मधल्या दिवसांत दात हलू नयेत म्हणून एक साधा रिटेनर हवाच. कायमच्या रिटेनरसाठीचा साचा मात्र अंतिम आकार झाल्यानंतरच द्या. आधीचा रिटेनर नव्या रुंदीवर बसणार नाही आणि तो बळेच बसवला तर नवे कॉम्पोझिट पहिल्याच आठवड्यात उडेल.